मामाचं झोपलेलं नाटक

डायरेक्टरमामा लॅपटॉप कधीही बंद करत नसत. झाकण मिटायचे, त्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "झोप आता." कुणी चुकून "बंद करू का?" असं विचारलं, तर घरातल्या माणसाबद्दल काही अभद्र ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "बंद नाई म्हनायचं, बाई. झोपव म्हन."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. राहायला मेडशीला. सोयाबीन आणि तूर पिकवायचे, पण तो त्यांच्या मते जोडधंदा होता. मुख्य काम नाटक. दरवर्षी गावच्या यात्रेत एक नाटक व्हायचं. लिहिणार मामा, बसवणार मामा, आणि ऐनवेळी एखादा नट सासुरवाडीला पळाला तर मिशा काढून त्याचं काम करणारही मामाच. सगळा गाव त्यांना डायरेक्टर म्हणायचा. आपल्याकडे गावागावात असा एक माणूस असतोच, ज्याच्या शेतात तण जरा जास्त असतं आणि डोक्यात तिसरा अंक.

लॅपटॉप जावयानं दिला होता. त्याने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना सासऱ्यांच्या हवाली केला. "झाकण लावलं की झोपतो, उघडलं की उठतो," एवढंच शिकवून तो पुण्याला परतला. मामांनी तेवढंच धर्मासारखं पाळलं. एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले आणि त्या वर्षीचं नाटक त्यांनी कागदाला हात न लावता लॅपटॉपवरच लिहायला घेतलं. मशीन जिथे झोपायचं तिथूनच उठायचं, अर्धं वाक्य अर्ध्यावरच भेटायचं, याचं त्यांना फार अप्रूप. "आपले नट पाह्य," ते म्हणायचे, "च्याले सोडले त कोनता अंक चालू होता तेबी इसरतात. हा पाह्य. कानामात्राबी नाई इसरत."

मी मालेगावला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. आमच्या वाशीमकडच्या मालेगावला, नाशकाकडच्या नव्हे. त्यामुळे लॅपटॉपचं काहीही झालं की मामांचा फोन मला. एकदा ते लॅपटॉप झोपवून, शबनममध्ये घालून वाशीमला गेले. तिथे पोचेपर्यंत पिशवी तव्यासारखी तापली. "पोरी, याले ताप आला," मामा फोनवर सांगत होते. मी मेडशीला जाऊन बघितलं, तर झाकण मिटूनही तो झोपतच नव्हता. मी समजावून सांगितलं, की झाकण मिटल्यावर मशीन एकदम झोपत नाही. आधी चालू असलेले प्रोग्राम जागच्या जागी थांबवले जातात, मग एकेका भागाला, म्हणजे पडद्याला, आवाजाला, प्रिंटरला सांगितलं जातं की तुझं तू आवर आणि नीज. त्यातला एक जरी "माझं व्हायचंय" म्हणाला, तर झोपलेल्या बाकीच्यांनाही पुन्हा उठवतात आणि सगळे जागे राहतात. तुमचा प्रिंटर नाही म्हणतोय.

मामांना हे इतकं पटलं की ते खो खो हसायला लागले. "म्हंजे एकाले लघवीले लागली का आख्खी तालीम उठते! अवं, हे त आपलं मंडळच हाय." जावयाच्या त्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम मी काढून टाकला. प्रिंटर मेडशीत कुणी कधी पाहिलेलाही नव्हता.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की मामांनी नाटक एकदाही सेव्ह केलेलं नाही.

"मामा, आख्खी फाइल अशीच उघडी?"

"सेव्ह म्हनलं का तो नाव इचारते."

"मग द्या ना नाव."

"नाटक पुरं झालं नाई अजून. पोटातल्या लेकराचं नाव कोन ठेवते?"

"कोणतंही द्या. मागून बदलता येतं."

"म्हंजे आधी खोटं नाव? माह्या नाटकाले?" मामांनी लॅपटॉप माझ्यापासून थोडा दूर सरकवला.

आपोआप साठवण्याची सोय जावयानं आधीच काढून टाकली होती, मशीन सावकाश चालतं म्हणून. मी दुसरा उपाय सुचवला. झोप दोन प्रकारची असते, मी म्हटलं. तुमच्या झोपेत पडदा विझतो, डिस्क थांबते, प्रोसेसर थांबतो, फक्त मेमरी तेवढी थेंबभर विजेवर जिवंत राहते आणि तुमचं नाटक तिनं मुठीत धरलेलं असतं. थेंब तुटला की मूठ सुटली. दुसऱ्या झोपेत मशीन निजण्याआधी मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं. मग वीज गेली तरी चिंता नाही. पण त्यासाठी डिस्कवर भरपूर जागा लागते, आणि तुमची डिस्क तुमच्या लेकीच्या, बबलीच्या लग्नाच्या व्हिडिओनं ठासून भरलीय. तो काढून टाकू?

"लग्न मोडतं काय व?" मामी आतून ओरडली. तो विषय तिथेच संपला.

नाटक तिसऱ्या अंकापर्यंत आलं. यात्रा तोंडावर आली. पहिल्या अंकाच्या तालमी मामा लॅपटॉपमधून वाचून दाखवत घेत होते, नट ऐकून पाठ करत होते. आणि एका दुपारी अवकाळी वारं सुटलं, गारा पडल्या, दोन खांब आडवे झाले आणि गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उडाली. लाइन दोन-तीन दिवस येणार नाही, असं लाइनमननं सांगितलं, आणि तो दोन-तीन दिवस म्हणाला की चार-पाच समजायचे असतात हे सगळ्यांना माहीत होतं.

मामांचा फोन आला तेव्हा ते कुजबुजत होते. "पोरी, झोपला हाय तो. लाइट मिचकावून राह्यला. पन लय हयूहयू."

बॅटरी म्हातारी होती. जागेपणी जेमतेम तास-दीड तास टिकायची, झोपेत फार तर एखादा दिवस. मी म्हटलं, "उठवू नका. उठायलाच सगळ्यात जास्त वीज खर्च होते. झाकणाला, माउसला कशालाच हात लावू नका. ते झोपेतही पहाऱ्यावर असतात, जरा हललं की मशीनला उठवतात."

"आन् बोललेलं?"

"बोलण्यानं नाही उठत, मामा."

"तुले काय म्हाईत? त्याले माइक हाय."

पुढचं मला नंतर चारचौघांकडून कळलं. मामांच्या ओसरीवर लॅपटॉप ठेवला होता आणि त्याच्याभोवती सगळं नाटक मंडळ पायातल्या चपला काढून बसलं होतं. सरपंच चौकशीला आले, त्यांना खुणेनं बसवलं. शेजारच्या गोठ्यातली गाय हंबरली तर दोन नट धावत जाऊन तिला चारा घालून आले. ज्याला खोकला आला तो बांधापर्यंत जाऊन खोकून यायचा. खलनायकाचं काम करणारा गडी मोठ्या आवाजाचा, म्हणून त्याला वेशीवरच थांबवलं होतं.

गिरणीवाल्याचं जनरेटर होतं, पण ते अनसिंगला एका लग्नात गेलेलं. एकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडायची तयारी केली. मी फोनवर किंचाळून त्याला थांबवलं. तसं सरळ जोडलं असतं तर नाटकासकट लॅपटॉपच जळाला असता. एवढ्यात मामीची मांजर ओसरीवर आली, तिला माउसची हलणारी वायर दिसली, आणि तिनं झेप घातली. लगेच आतून पंख्याची घरघर सुरू झाली. लॅपटॉप जागा झाला.

"मांजरीनं माउस धरला!" कुणीतरी ओरडलं. त्या दिवसातला तो पहिला मोठा आवाज.

मामांनी घाईघाईने त्याला पुन्हा झोपवलं, माउस उपटून काढला, पण तेवढ्या जागेपणात बॅटरी निम्म्याने उतरली. आता मिचकावणारा दिवा पांढऱ्याचा नारिंगी झाला. मी म्हटलं, "मामा, मालेगावात लाइट आहे. घेऊन या. मी चार्जर घेऊन स्टँडवर उभी राहते."

मामांनी लॅपटॉप उशीवर ठेवला. वर मामीनं धुतलेली गोधडी घातली. आणि ती उशी दोन्ही हातांवर घेऊन, मागे मंडळ, अशी ती वरात एसटीच्या थांब्यावर आली. बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पण एका बाईनं उशी, गोधडी आणि मामांचा चेहरा पाहिला आणि ताबडतोब उठून जागा दिली. "बसा, बाबा. किती महिन्याचं हाय?"

"सहा," मामा म्हणाले. नाटक लिहायला तेवढेच लागले होते.

"दूध पिते ना?"

"दूध नाई पीत. करंट पिते." बाई जरा मागे सरकली.

कंडक्टर आला. त्याने गोधडी उचलून पाहिली, मामांकडे पाहिलं, पुन्हा गोधडी घातली. "काका, हे काय हाय?"

"हयू बोला, साहेब. तिसरा अंक हाय."

कंडक्टर भला माणूस. त्याने ड्रायव्हरला सांगितलं, आणि खड्डा आला की बस बैलगाडीच्या चालीनं जाऊ लागली. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवरची गाणी बंद केली. म्हणे सगळी बस मालेगावपर्यंत कुजबुजत आली.

मी स्टँडवर होते. तिथून क्लासपर्यंत मामा, मंडळातले चार जण आणि तो कंडक्टरसुद्धा आले. त्याला शेवट पाहायचा होता. मी चार्जर लावला. दिवा मिचकावायचा थांबला आणि स्थिर झाला. मामा खुर्चीत मटकन बसले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात अजून उशी धरल्यासारखेच पुढे होते. त्या क्षणापर्यंत मला ही सगळी गंमत वाटत होती. ते हात पाहिले आणि तसं वाटेना.

मी झाकण उघडलं. काळा पडदा. मग एक बाण आला. मग नाटक. अर्धं वाक्य अर्ध्यावरच उभं होतं. मंडळानं टाळ्या वाजवल्या.

"आता सेव्ह," मी म्हटलं. मामांनी या वेळी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी कळा दाबल्या. काहीच होईना. पुन्हा दाबल्या. कीबोर्ड उठलाच नव्हता.

झोपेतून उठताना असं होतं. झोपताना ज्याला निजवलं त्या प्रत्येकाला उठवावं लागतं, आणि एखादा हाकेला ओ देत नाही. "रिस्टार्ट केलं तर तोही उठेल," मी म्हटलं, "पण रिस्टार्ट केलं तर नाटक जाईल."

"सगये उठले, एकच झोपला," मामा म्हणाले. "असतोच एक. त्याच्याबिगर करू."

मी क्लासमधला माउस लावला, तो चालत होता. मी माउसनेच सेव्हची चौकट उघडली. त्या प्रोग्रामची एक सवय आहे; नाव दिलं नाही तर लिखाणाची पहिली ओळच तो नाव म्हणून पुढे करतो. नाटकाची पहिली ओळ म्हणजे रंगसूचना होती. चौकटीत लिहून आलं: पडदा उघडतो तेव्हा कोणीच नसते.

मामा वाकले. चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं. "हे कोनं सुचवलं?"

"मशीननं."

"सहा महिने मी डोकं फोडून राह्यलो, आन् यानं झोपेत ठरवलं!" त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि सेव्हवर टिचकी मारली. मग मी लॅपटॉप रिस्टार्ट केला. पडदा काळा झाला तेवढा वेळ मामा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

यात्रेत वेशीवर फलक लागला. वर मंडळाचं नाव, खाली मोठ्या अक्षरात: पडदा उघडतो तेव्हा कोणीच नसते. लोकांनी ते नाटकाचं नाव न समजता सूचना समजली. सुरुवातीला कोणीच नसतं म्हणतायत तर जेवूनच जाऊ, असं म्हणून सगळा गाव घरी बसला. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर कोणी नव्हतं आणि समोरही फक्त मी, मामी आणि तो कंडक्टर. मग पहिला अंक अर्धा झाल्यावर ढेकर देत गाव आला, आणि त्यांच्यासाठी मामांनी नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "नावापरमानं झालेलं हे पयलंच नाटक," ते मला म्हणाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामा गेले. थोडंसं आजारपण, फार कुणाला त्रास नाही. शेवटच्या भेटीत ते नव्या नाटकाबद्दल बोलत होते. ते त्यांनी लिहायला घेतलंच नव्हतं, पण नाव ठरलं होतं. "या खेपेले आधी बारसं उरकलं," म्हणाले.

मागच्या वर्षी मंडळानं ठरवलं की मामांचं तेच नाटक पुन्हा करायचं. मी प्रती छापून मेडशीला घेऊन गेले. मामी ओसरीवर तूर निवडत बसली होती. एकदा वाचून दाखव म्हणाली, म्हणून मी दुसरा अंक उघडला. चार-पाच वाक्यं वाचली असतील.

"इथं एक वाक्य गयलं," मामी म्हणाली.

"नाही मामी, असंच आहे छापलेलं."

"मंग छापता छापता गयलं. पाटील म्हनते, 'मी काई कोनाच्या बापाचं खात नाई,' मंग त्याची बायको हासते, मंग तो म्हनते..." आणि मामी सुपात हात फिरवत पुढचं पान म्हणून गेली. मग त्याच्या पुढचं. प्रत्येकाचा आवाज वेगळा. रंगसूचनांसकट.

मी प्रत खाली ठेवली. "मामी, तुला सगळं पाठ आहे?"

"मंग? सहा महिने रोज वाचून दाखवत होते ना मले. एक वाक्य लिवलं का, ऐक व. दुसरं लिवलं का, ऐक व."

"म्हणजे त्या दिवशी लॅपटॉप विझला असता तरी नाटक गेलं नसतं?"

"कुठं जाते?"

"मग सांगितलं का नाही? आख्खं गाव चपला काढून बसलं होतं! मामा बसमध्ये उशी घेऊन..."

मामीनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"सांगतलं असतं त ते घरीच बसले असते. आन् सारा गाव कधी आला होता व, त्यांच्या नाटकासाठी?"