साडेबारा तासांचा तक्ता

वर्ध्यातल्या एका नर्सिंग होममध्ये मी बरीच वर्षं काम केलं. नव्वदीच्या सुरुवातीला लागले तेव्हापासून ऑपरेशनची वही माझ्याकडे होती. लाल रेघांची, लांबट. दिवस, वेळ, पेशंट कुठली, ऑपरेशन कोणतं, सोबत कोण येणार. नर्सिंग होमच्या डॉक्टर मॅडम वहीत कधी डोकावत नसत. मला विचारत.

या वहीवर अवलंबून असलेला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मात्र आमच्याकडचा नव्हता. बेहोशीचे डॉक्टर पाच-सहा ठिकाणी जात. सकाळी आमच्याकडे, दुपारी सेलूला, संध्याकाळी आणखी कुठे. त्यांची वेळ मिळाली तरच ऑपरेशन. म्हणून रोज संध्याकाळी सहाला मी त्यांच्या घरी फोन करायची. उचलायच्या त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो.

"सांगा ताई, लिहून राह्यली."

मी वाचायची. झालं की त्या न सांगता परत म्हणून दाखवायच्या. "मंगळवार सकाळी आठ, सिझर. मंगळवार साडेदहा, पिशवीचं. बरोबर? आन् गुरुवारी काही ठेवू नका. माझ्या नणंदा येऊन राह्यल्या, बेहोशीची गरज इथंच पडन."

बारा-तेरा वर्षं हे असंच चाललं. एकदाही चूक झाली नाही.

पुढे नर्सिंग होममध्ये संगणक आला. गावातल्याच एका दुरुस्तीवाल्याने सुटे भाग जोडून दिलेला. माणूस पन्नाशीचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. भारनियमन असं होतं की महिन्यातून एखाद्या वेळी संगणकाचं घड्याळ बिघडायचंच. मी कोपऱ्यातल्या वेळेवर दोनदा टिचकी मारून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ती दुरुस्त करायची. वेळ तपासायचं काम माझ्या रोजच्या यादीतच होतं.

बेहोशीच्या डॉक्टरांनी त्याच सुमारास भारी फोन घेतला. एक दिवस म्हणाले, "ताई, फोनवर वाचून दाखवणं आता बंद करू. तुम्ही संगणकात तारखा भरा, त्यातून एक फाइल निघते, ती मला मेल करा. ही पद्धत जगभर सारखी आहे. तुमचा प्रोग्राम कोणता, माझा कोणता, काही फरक पडत नाही. फाइल दोघांनाही कळते."

मला ते फार आवडलं. जगभर सारखी रचना असलेली यादी म्हणजे माझ्याच मनातली गोष्ट. पहिली फाइल मी साध्या अक्षरांत उघडूनही पाहिली. प्रत्येक ऑपरेशनला एक सुरुवातीची ओळ, एक शेवटची, मध्ये एक लांबलचक क्रमांक, आणि वेळेची ओळ. आधी तारखेचे आकडे, मग इंग्रजी टी, मग वेळेचे आकडे आणि शेवटी एक झेड. मी आठ भरले होते. तिथे पंधरा दिसत होते. असेल काही सांकेतिक, म्हणून मी ती बंद केली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता डॉक्टर आले नाहीत. फोन केला तर घरी पेपर वाचत होते. म्हणाले, "अहो, माझ्याकडे रात्रीचे साडेआठ आहेत." अर्ध्या तासात आले. त्या वेळी सगळे हसले, मीही.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो येऊन संगणकाकडे बघत उभा राहिला. "ताई, चालून राह्यला ना? मंग कायले छेडता त्याले?"

तेव्हा मी माझ्या पद्धतीने काम केलं. चार खोट्या नोंदी भरून पाठवल्या, डॉक्टरांच्या फोनवर काय दिसतं ते विचारलं. प्रत्येक वेळ बरोबर साडेबारा तास पुढे सरकत होती. मग मी तक्ता केला. डावीकडे खरी वेळ, उजवीकडे भरायची वेळ. सकाळचे आठ हवे तर आदल्या संध्याकाळचे साडेसात भरायचे. आमच्या पडद्यावर सगळं चुकीचं दिसे, डॉक्टरांच्या फोनवर बरोबर. तक्ता भिंतीला चिकटवला. मॅडम वाचून म्हणाल्या, "हे तुम्हालाच सुचू शकतं." संध्याकाळचा फोन मी बंद केला. पाऊस संपला, दसरा झाला, तक्ता बिनचूक चालला.

माझी धाकटी जाऊ सिंदीला राहते. तिचं पहिलं बाळ सिझरनेच झालं होतं आणि दोन दिवसांत गेलं होतं. त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. मॅडमनी तिला तपासून सांगितलं होतं की कळा सुरू व्हायच्या आत सिझर करायचं, जुन्या टाक्यांवर ताण नको. तारीख मीच लिहून घेतली. मंगळवार, सकाळी आठ. ती आणि माझा दीर दोन दिवस आधीच माझ्याकडे, वर्ध्याला लागूनच्या बोरगावला येऊन राहिले.

त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी संगणक सुरू केला तर पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. घड्याळ बदललं आहे, तपासून पाहा, असं काहीसं. पाहिलं तर एक तास मागे. आमच्याकडे घड्याळ बिघडणं नवीन नव्हतं. मी ते एक तास पुढे केलं, सूचना बंद केली आणि यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली. सोमवारी ठरलेलं ऑपरेशन नव्हतं. संध्याकाळी तक्त्याप्रमाणे जावेची वेळ भरली, फाइल पाठवली.

मंगळवारी पहाटे तिच्या पोटात दुखू लागलं. साडेसहाला आम्ही नर्सिंग होममध्ये पोचलो. मॅडम तपासून म्हणाल्या, "कळा आहेत. पण आठला घेतोच आहोत." पावणेआठला तिला टेबलावर घेतलं. आठ वाजले. सव्वाआठ.

"ताई, डॉक्टर काऊन नाई आले अजून?"

"येतायत. तू बोलू नकोस."

"तुमी त्यायले सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

मी बाहेर येऊन डॉक्टरांच्या मोबाइलवर फोन लावत राहिले. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. डॉक्टरांच्या घरी लावला. बाई म्हणाल्या, "ते तर सेलूले गेले. तुमचं नऊचं हाये म्हणे, तवा मधात एक करून येतो म्हनले." शहरातल्या दुसऱ्या बेहोशीच्या डॉक्टरांना विचारलं, ते स्वतः एका ऑपरेशनमध्ये होते. मोठ्या इस्पितळात न्यावं का, यावर मॅडम आणि मी दारात उभ्या राहून बोललो. तिकडे नेऊन तयारी होईपर्यंत तेवढाच वेळ जाणार होता. आत नर्स बाळाचे ठोके मोजत होती, आणि दर वेळी आकडा आधीपेक्षा कमी सांगत होती.

नऊला दहा कमी असताना डॉक्टर आले. मुलगी झाली. रडायला तिने फार वेळ घेतला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

दुपारी डॉक्टरांनी फोनचा पडदा माझ्यासमोर धरला. "ताई, बघा. नऊ." त्यांची काही चूक नव्हती. मी संगणकाशी बसले. वेळ दुरुस्त करायच्या त्या चौकटीत आणखी एक पान होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं. उघडलं तर जगाचा नकाशा आणि वर अमेरिकेतल्या एका भागाचं नाव. आल्या दिवसापासून आमचा संगणक स्वतःला अमेरिकेत समजत होता. मी आकडे इथले बसवत होते, आणि फाइल बनवताना तो त्याच्या समजुतीप्रमाणे हिशेब करत होता. तिकडे हिवाळ्याआधी सगळी घड्याळं एक तास मागे घेतात. सोमवारची सूचना तीच होती. साडेबाराचे साडेतेरा झाले होते, आणि माझा तक्ता साडेबाराचाच होता. यादीतून भारत निवडायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी आत्ता बोलू नका. तिला बरं होऊ द्या." मी ते ऐकलं. नंतर आणखी पुढे ढकललं.

मुलगी उशिरा बसू लागली, उशिरा उभी राहिली. डावा पाय ओढते. त्या तासामुळे की आधीपासूनच काही होतं, हे सांगता येत नाही असं तिला पाहिलेल्या सगळ्या डॉक्टरांनी सांगितलं. व्यायामासाठी तिला दर पंधरा दिवसांनी वर्ध्याला आणावं लागतं. त्या तारखा मीच सांभाळते.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मी जावेला सांगितलं. सिंदीला, तिच्या स्वयंपाकघरात. ती मेथी निवडत होती. तक्ता, अमेरिका, सोमवारची सूचना, सगळं क्रमाने सांगितलं. तिचे हात मेथीवर चालूच होते. शेवटी म्हणाली, "हे मले काई समजत नाई, ताई. तुमी रोज फोन करत होत्या ना त्यायच्या घरी? माह्या वेळी काऊन नाई केला?"

मी म्हटलं, "फाइल जात होती म्हणून."

तिने निवडलेली मेथी धुवायला घेतली.

अजूनही तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी तिला फोन करते. दिवस सांगते, वेळ सांगते, सकाळची की दुपारची तेही सांगते. ती "बरं" म्हणते आणि ठेवते. परत म्हणून दाखव, असं मला तिला सांगता येत नाही.