गंगव्वा अक्कोरूंची पंगत

गंगव्वा अंगडी आमच्या शाळेत एकोणतीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या. तशा आमच्या कानडी मुलखात शाळेतल्या सगळ्याच बाईंना अक्कोरू म्हणतात, पण गावात कुणी नुसतं 'अक्कोरू' म्हटलं की ते गंगव्वांबद्दलच असायचं. अंगाने काटकुळ्या. आवाज इतका हळू, की वर्ग गप्प असल्याशिवाय मागच्या पोरांना ऐकूच जात नसे. माहेर बेटगेरीच्या विणकराचं. मागावर धागा तुटला की तो सापडून गाठ बसेपर्यंत पोरांनी जागचं हलायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. ती त्यांनी शाळेत आणली, आणि तीही थेट जेवणात.

दुपारी बिसी ऊटला, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाला, शंभरावर पोरं व्हरांड्यात ओळीने बसत. भात-सांबार समोर वाफाळतंय आणि हात मांडीवर. शेवटच्या ताटात वाढून होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून प्रार्थनेचं वचन म्हणायचं, मग जेवायचं. शेवटी बसायची पाळी रोज नव्या पोराची. एखाद्याने घाई केलीच तर अक्कोरू म्हणत, "अजून मलकव्वाला वाढलं नाही रे, बघ तिच्याकडे." एवढ्यावर भागायचं.

मी हेडमास्तर होऊन आलो आणि मला हा सगळा वेळेचा नास वाटला. माझा स्वभावच उतावळा. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठा टीव्ही दिला होता. तो मी व्हरांड्यात लावून घेतला, वाढणीच्या वेळी कार्टून सुरू केलं आणि सांगून टाकलं, ज्याला वाढलं त्याने जेवायला लागायचं. पोरं टीव्हीकडे बघत गिळायची. अर्ध्या वेळात जेवणं उरकू लागली. साहेब तपासणीला आले, त्यांनी पाठ थोपटली. मी फुगलो.

"बघा अक्कोरू, कशी गप्प बसलीत."

"गप्प बसलीत सर, थांबलेली नाहीत."

"तुमची सत्ता गेली म्हणून पोटात दुखतंय होय?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. बाकीचे शिक्षक हसले. अक्कोरू आपलं ताट घेऊन आत गेल्या.

दोन वर्षांत काय झालं ते मला दिसत होतं, पण मी बघत नव्हतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत दहा जण ओरडायचे. पेन्सिल मागायची नाही, हिसकायची. पाढा अर्ध्यावर सोडून कुणी खिडकीत, कुणी दुसऱ्याच्या उरावर. घरी तर तान्ह्या पोराच्या हातातही मोबाइल, मग आम्हाला बोट दाखवायला घरं सापडली. "आईबापच तसले," आम्ही चहा पिताना म्हणायचो. अक्कोरूंचा आवाज आता पहिल्या ओळीलाही ऐकू जात नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते. एकदा म्हणाल्या, "सर, निदान माझ्या वर्गाला तरी पूर्वीसारखं बसवू द्या." मी म्हटलं, "एका शाळेत दोन कायदे कशाला?"

जेवणात पोरांना अंडं मिळायचा वार होता. वाढायला सुरुवात होतेय तोच वीज गेली. टीव्ही काळा झाला, आणि क्षणभर कुणाला काय करावं सुचेना. मग मोठी पोरं उठली, त्यांच्या मागे सगळीच. झुंड थेट सांबाराच्या पातेल्याकडे. अक्कोरू मध्ये उभ्या राहिल्या. पातेलं कलंडलं ते त्यांच्या हातावर आणि पायावर. रेणुका नावाच्या एका पोरीची दोन बोटं पोळली, बाकी सगळी पोरं वाचली, कारण अक्कोरू तिथून हलल्याच नाहीत.

संध्याकाळी रेणुकाचे काका गावातली माणसं घेऊन आले. "पोरं सांभाळता येत नाहीत तर शाळा कशाला काढता?" दुसऱ्या दिवशी वरून अहवाल मागवला. मी घाबरलो. पाळीच्या तक्त्यात त्या दिवशी जेवणावर देखरेख अक्कोरूंची होती. मी लिहिलं, 'पंगतीची शिस्त राखण्याची जबाबदारी श्रीमती अंगडी यांची होती.' टीव्हीचं नाव काढलं नाही. पंगतीची रीत कुणी मोडली, तेही लिहिलं नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होतं. अक्कोरूंना नोटीस आली.

मी त्यांच्या घरी गेलो. हाताला कोपरापर्यंत पट्टी. त्यांच्या सासूबाईंनी पाणी दिलं. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर 'जाऊ दे सर' म्हणतील. मी त्याच आशेवर गेलो होतो.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो, चुकलं."

"मी पुन्हा लिहीन. खरं काय ते सगळं."

"लिहा," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत मुदत आहे. माझ्या नोकरीच्या पुस्तकात आजवर एक वाकडा शब्द नाही, सर. लिहाच."

रविवारी मी कागद घेऊन बसलो. चार ओळी लिहिल्या. मुलीचं लग्न ठरत होतं, बढतीची यादी लागायची होती. कागद खणात ठेवला. सोमवारी शाळेत गेलो, घंटा दिली, हजेरीवर सह्या केल्या. संध्याकाळ झाली. मुदत गेली.

गंगव्वा अक्कोरू तो शेरा घेऊनच निवृत्त झाल्या. 'कर्तव्यात हयगय.' निरोप समारंभात मी अर्धा तास त्यांची स्तुती केली, शाल पांघरवली. बोलायची विनंती झाली तेव्हा त्या उठल्या, मुलांना नमस्कार करून खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी परवाच्या मे महिन्यात निवृत्त झालो. पेन्शन सुरू झाली, मुलगी सासरी सुखात आहे. अक्कोरू मागच्या दिवाळीआधी वारल्या. आता खरं सांगण्यात माझं काहीही जात नाही, आणि आताच मी ते सांगतोय.