नापासाचे पेढे

शाळा या गोष्टीचा आमच्या धाकट्या भावोजींइतका राग साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि त्यांच्या नशिबी वहिनी आली ती मी, भिवंडीतल्या मराठी शाळेत गणित शिकवणारी मास्तरीण. मी लग्न होऊन नारपोलीच्या या घरात आले तेव्हा भावोजी कॉलेजात होते. पहिल्याच सोमवारी माझ्या हातातला डबा आणि छत्री बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज तिथे स्वतःहून जाता?" मी जणू पोलीस कोठडीत ड्युटीला निघाले होते! पुढे त्यांचं लग्न झालं, रेवा झाली, मागून मैना झाली. रेवाचं शाळेचं वय झालं तसं मी हौसेने तिच्यासाठी लाल दप्तर आणलं. भावोजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवण पक्की आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातून कांदे-बटाटे आणायला लागले. रेवा शाळेत जाणार नाही, मैनाही जाणार नाही, दोघी घरीच शिकतील, हे आम्हाला असं कळलं. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला, धाकट्या भावाकडे एकदा बघितलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. जाऊबाई बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "ताई, मी सकाळी निघते, संध्याकाळी येते. मधलं मला काही सांगू नका."

मधलं काय चालायचं ते मात्र शाळेतून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी बघितलंय, कारण ते पहिल्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. त्या घरच्या शाळेला वेळापत्रक नव्हतं, पुस्तक नव्हतं, आणि मेली सुट्टीही नव्हती. कायदा एकच होता. एक प्रश्न हातात घेतला की तो पुरता संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. "अर्धवट सोडलेला प्रश्न माणसाला आळशी करतो, वहिनी. तुमच्या शाळेत घंटा झाली की विचार करायचा बंद. नळ आहे का तो?" असं म्हणून ते माझ्याकडे अशा दयेने बघायचे की मला माझ्याच घरात घुसमटायला व्हायचं. एकदा मैनाने विचारलं, भेंडी बुळबुळीत का असते? झालं! पुढचा महिनाभर त्या घरात भेंडीशिवाय दुसरा विषय नाही. भेंडी चिरून भिंगाखाली बघ, उन्हात वाळव, पाण्यात भिजव, गॅलरीतल्या डब्यांत बिया पेर. मग भाजीवालीला विचारून तिच्या गावच्या शेतावर स्वारी. तिथली म्हातारी म्हणाली, "पोरींनो, शाला न्हाय का तुमची?" भावोजी छाती फुगवून म्हणाले, "आजी, हीच आमची शाळा." "मंग उभ्या का? खुडा की," म्हातारी म्हणाली आणि तिघांना दुपारपर्यंत भेंडी खुडायला लावली. घरी आले ते हात खाजवत. त्या महिन्यात जाऊबाई रोज संध्याकाळी वर यायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "ताई, भेंडी सोडून काय आहे?"

आमच्या इमारतीच्या पाठीमागे कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. त्या खटखटाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारीगर हाताच्या खुणांनी बोलतात. भावोजींना ती भाषा भयंकर आवडली. त्यांनी दोघी पोरींना तिथल्या एका चाचांकडे बसायला धाडलं आणि पोरी महिन्याभरात पटाईत झाल्या. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी कथा सांगता सांगता मध्येच अडकले, पुढचं आठवेना. त्याबरोबर रेवाने खोलीच्या या टोकावरून बोटं हलवून त्या टोकाच्या मैनाला काहीतरी सांगितलं आणि मैना फसकन हसली. सगळी पाहुणेमंडळी वळून बघायला लागली. मी दोघींना स्वयंपाकघरात ओढून दटावलं तेव्हा कळलं, खूण होती, 'तार टूटा, लूम बंद.' मला हसू आवरेना, पण घरातली मोठी म्हणून डोळे वटारून उभी राहिले. भावोजींना सांगितलं तर त्यांनी गुरुजींसमोरच हसून हसून डोळे पुसले.

हा माणूस नुसताच विक्षिप्त असता तर मी मागेच त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळी झाले असते. पण तसा तो नव्हता, तीच तर पंचाईत. मला एकदा टायफॉइड झाला. भावोजी राहनाळच्या गोडाऊनमध्ये बदलत्या पाळ्यांवर सुपरवायझर होते, त्यांनी रजा टाकली आणि पोरींना घेऊन माझ्या उशाशी बसले. आता विषय 'ताप'. थंडी वाजते तर अंग गरम कसं, घाम आला की ताप का उतरतो, यावर तिघांची माझ्या अंगावरून वादावादी. माझ्या आजारपणाचा त्यांनी धडा केला, पण कपाळावरच्या पट्ट्याही त्यांनीच बदलल्या, आणि पेज तर भावोजी अशी करायचे की मी बरी झाल्यावरही दोन दिवस कण्हत पडून राहिले. त्या दिवसांत मला खरंच वाटलं, आपल्या वर्गात तोंडावर बोट ठेवून बसलेल्या लेकरांपेक्षा या दोघी सुखी आहेत. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ते उभ्या नारपोलीत सांगत सुटले असते.

गोडाऊनवरही पोरी त्यांच्याबरोबर जायच्या. खोक्यांवरची लेबलं वाचून हा माल कुठून आला, कुठे चालला, म्हणजे यांचा भूगोल. गोडाऊनच्या अलीकडे एक तबेला आहे. एका दुपारी तिथली म्हैस अडली होती. ढोरांचे डॉक्टर आले, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी रेडकू बाहेर काढलं, आणि आमची रेवा तोवर म्हशीचं डोकं धरून उभी होती. घरी आली ती शेणामुताने माखलेली. जिन्यातूनच ओरडली, "काकी, मला ढोरांची डॉक्टर व्हायचंय!" पुढे ती रोज त्या तबेल्यावर जायला लागली आणि वर्षभरात तिचं वेड तसूभरही कमी झालं नाही. मी भावोजींना बसवून सांगितलं, हे व्हायचं तर बारावी सायन्स हवं, सायन्स हवं तर दहावीला चांगले मार्क हवेत. ते म्हणाले, "म्हशीला काय मार्कशीट दाखवायची असते, वहिनी?" सगळे हसले. रेवाही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

शेवटी शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या ओपन बोर्डातून रेवाला दहावीला बसवायचं ठरलं. मी म्हटलं, चार महिने माझ्याकडे पाठवा, पेपर कसा सोडवायचा एवढं शिकवते. तर म्हणाले, "तिला सगळं येतं, वहिनी. तुम्ही तिला घाई शिकवाल." येत होतं, हे खोटं नाही. परीक्षेचे दिवस संपले, रेवा प्रत्येक पेपरवरून हसत घरी आली. भावोजींनी आधीच जाहीर करून टाकलं की निकाल काहीही लागो, पेढे वाटायचे. माझ्या मुलीची किंमत बोर्ड ठरवणार नाही, वगैरे वगैरे. बोलणं मोठं रुबाबदार होतं. आम्हीही माना डोलावल्या.

निकाल लागला. पाच विषयांतल्या तीन विषयांत रेवा नापास. भावोजींनी तो मोबाइलवर पाहिला आणि बोलल्या शब्दाला जागून पेढ्यांचा बॉक्स उघडून इमारतीत वाटायला निघाले. रेवाला बरोबर घेतलं. अहो, पेढे म्हटल्यावर लोक काय म्हणणार? दार उघडायचं आणि शेजारीण रेवाच्या गालावरून हात फिरवून म्हणायची, "पास झालीस गं बाई! अभिनंदन!" आणि ती पोरगी, जिला बापाने कधी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, प्रत्येक दारात सांगत होती, "नाही मावशी, नापास झाले." तळमजल्यावरच्या चाचींनी तर तिच्या तोंडात पेढा घातला, "मुबारक हो बेटा" म्हणाल्या, आणि हिने तोंडात पेढा धरूनच मान हलवली. भावोजी मागे उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने म्हणत होते, "तरीपण घ्या, तरीपण घ्या." आमच्या दाराशी आले तेव्हा मी पेढा घेतला नाही. मी रेवाचा हात धरून तिला आत घेतलं आणि विचारलं, काय लिहिलंस गं पेपरात?

तिने सांगितलं. सायन्सच्या पेपरात लोखंड गंजू नये म्हणून काय कराल, असा दोन मार्कांचा प्रश्न होता. रेवाने तो हातात घेतला. घराच्या ग्रिलपासून सुरुवात केली, लूमच्या भागांना कारीगर तेल कसं देतात ते लिहिलं, आकृत्या काढल्या, पुरवणी लावली. तो पुरता संपला असं तिला वाटलं तेव्हा घंटेला थोडाच वेळ उरला होता. प्रत्येक पेपरात थोड्याफार फरकाने हेच. "पण काकी, मी घेतलेला एकही अर्धवट सोडला नाही," ती मला म्हणाली. मग दारात बॉक्स घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे वळली. "बाबा, एखादा प्रश्न सोडून पुढे जायचं असतं, हे तू मला सांगितलंच नाहीस रे." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी मात्र चढवला. "भावोजी, तुमची हौस झाली, पण पोरीचं वर्ष गेलं! तुम्हाला शाळेशी भांडायचं होतं ना, मग स्वतः भांडायचं होतं. लेकराला पुढे का केलंत?" त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं आणि खाली गेले. मला त्यांची कीव आली आणि मग स्वतःचाच संताप आला, की या माणसाची कीव अजून येतेच कशी.

मग रेवाला मीच शिकवलं. टेबलावर घड्याळ ठेवायचं आणि वेळ झाली की मी टाळी वाजवायची. पहिल्यांदा ती पेन खाली ठेवायची नाही, मी तिच्या हातातून काढून घ्यायची. हळूहळू जमलं. येत नाही ते सोड, लांबतंय ते सोड, पुढे चल. पुढच्या खेपेला ती सगळ्या विषयांत पास झाली, पण मार्क बेताचे. सायन्सला नंबर लागला नाही, कॉमर्स मिळालं. सकाळी कॉलेज आणि दुपारी राहनाळच्या गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायचं काम. हसते, बोलते, पहिल्या पगारात तिने मला साडी आणली. तबेल्यावरून रोज दोनदा जाते, पण रिक्षा थांबवत नाही. एकदा मी न राहवून विषय काढला, तर म्हणाली, "काकी, ते राहू दे ना." आणि मला भाजी चिरू लागली.

मैनाला भावोजी स्वतःच माझ्या शाळेत घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. हेडबाईंसमोर एक अक्षर वावगं बोलले नाहीत. "वयाप्रमाणे बसेल त्या वर्गात बसवा, बाई," एवढंच म्हणाले. मैना आता माझ्याच वर्गात आहे. हुशार आहे, समज तर अशी की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं सोडवून झालेलं असतं. गेल्या आठवड्यात चाचणीचे पेपर दिले आणि शाळा सुटल्यावर बाहेर आले, तर फाटकाशी मुलांना न्यायला आलेल्या आयांच्या घोळक्यात भावोजी उभे. मला बघून पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मैनाला किती पडले?"

मी म्हटलं, "वीसपैकी अठरा. वर्गात पहिली आहे."

"दोन कुठे गेले?" भावोजींनी विचारलं.

नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मी त्या फाटकाशी रोज ऐकत आलेय. माझं उत्तर तोंडपाठ आहे, थोडा सराव कमी पडतोय, घरी करून घ्या. मी मैनाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. अहो भावोजी, जाऊ द्या ना हो ते दोन, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते, अगदी चारचौघांसारखे, आणि मी म्हटलं, "थोडा सराव कमी पडतोय." त्यांनी मान हलवली आणि मैनाला घेऊन ते निघाले. मी बराच वेळ तिथेच उभी होते. एवढी वर्षं ज्या माणसाशी मी भांडले, तो मला त्या रस्त्यावर परत हवा होता.