कोंबडीची साक्ष

आमची आई कोणावरही चटकन विश्वास ठेवत नसे. ऊर्जानगरच्या क्वार्टरवर दूधवाला आला की ती आधी दुधात बोट बुडवून बघायची आणि मग त्याच्या तोंडाकडे. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला सारखी हगवण लागू लागली. आईचा संशय आधी पाण्यावर गेला, मग दूधवाल्यावर, आणि शेवटी घरात नव्यानं आलेल्या काकूवर येऊन बसला. पोंभुर्ण्याची ती पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आईच्या माहेरी, चामोर्शीकडे, अन्नाची शंका आली की पहिला घास कोंबडीपुढे टाकत. झालं, काकूनं रांधलेलं सगळं आधी मागच्या अंगणात, आईच्या कोंबड्यांपुढे जाऊ लागलं. काकू खाली मान घालून दारात उभी राहायची. मला भयंकर राग यायचा. कोंबड्या मात्र खाऊन टुणटुणीत.

"अन्नात काई नाई," आईनं निकाल दिला. "म्हंजे हिचा हातच खराब हाय."

काकांनी काकूला माहेरी नेऊन सोडायचं, असं ठरलं.

मी तेव्हा नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला होतो, सुट्टीत आलो होतो. मी आईला समजावलं, की तुझी साक्षीदारच कामाची नाही. माणसाला आडवं पाडणारा जंतू कोंबडीच्या आतड्यात खुशाल राहतो. तिचं शरीर त्याला ओळखतं, थोडंफार झुंजतं, पण पुरतं हाकलत नाही आणि स्वतःही आजारी पडत नाही. तिच्या विष्ठेतून, कधी अंड्यातूनही तो आपल्यापर्यंत येतो.

"तू मले शिकवून राह्यला काय? माह्या कोंबड्या पाह्य, कशा ठणठणीत हायेत!"

"म्हणूनच तर शंका येते."

तिच्या हातात ग्लास होता. भावाला ताकद यावी म्हणून ती रोज घरचं कच्चं अंडं कोमट दुधात फेटून द्यायची, हगवण झाली की दोन. साऱ्या जगावर संशय घेतला, त्या ग्लासावर कधी घेतला नाही. मी ग्लासाकडे बघितलं. याला कोणी फितवलं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

"थांब, मीच पेते," म्हणाली आणि घटाघटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली, पोट धरून संडासाच्या वाऱ्या करू लागली. त्या अंड्यानंच झालं, असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. शंकेखोर स्वभाव मलाही तिच्याकडूनच आला आहे. काकूची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती. ती तशीच टाकून काकू आईची लुगडी धूत होती. दुपारी तिनं तांदळाची पेज केली आणि वाटी घेऊन सवयीनं आधी मागच्या दाराकडे वळली.

"कुठी चालली?" आईनं खाटेवरून विचारलं. "कोंबड्यायले नको टाकू. इथी आण, मी खाते."

काकूला ते खरं वाटेना. वाटी धरून ती कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.