गोळीनंतरचं रक्त

विशाखाच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, पण गावात बोलवा अशी, की नांदेडच्या त्या मोठ्या दवाखान्यात तिच्यावाचून पान हलत नाही. खरं तर पेशंटला घरी सोडताना डॉक्टर कागदावर जो आजार लिहीत, त्याचा ठरलेला कोड कॉम्प्युटरात भरायचा, एवढंच तिचं काम. पेशंटची नाडी तिने जन्मात धरली नव्हती. पण हदगावकडच्या त्यांच्या वस्तीत हे कोण ऐकून घेणार? पोरगी बीएस्सी झाली, दवाखान्यात बसते, म्हणजे डॉक्टरच. तिचे वडील पंढरी तर कुणाच्या घरी ताप आल्याचं कळलं की पायात चपला सरकवून निघायचे आणि तिथून लेकीला फोन लावून द्यायचे.

हे फुकटचं डॉक्टरपण विशाखालाही आवडायचं, खोटं कशाला बोला. मागे एकदा पंढरींनाच हुडहुडी भरून ताप आला होता. रक्तात मलेरिया निघाला, औषध झालं, ते खडखडीत बरे झाले. पुढे शेजारी तसाच ताप आला तेव्हा विशाखाने फोनवर सांगून टाकलं, की बाबांच्या त्याच गोळ्या आणा आणि दोन द्या. ताप उतरला. वस्तीला आणखी काय पाहिजे? लोक मेडिकलवर जाऊन ‘विशाखाची गोळी’ मागायला लागले, आणि दुकानदारही न विचारता पट्टी काढून द्यायला लागला.

आपण काय करून बसलो, हे तिला यंदा कळलं. पावसाळा सरत आला तसे वस्तीवरचे लोक एकामागून एक दवाखान्यात भरती व्हायला लागले. हुडहुडी, ताप, दरदरून घाम, एक दिवस बरं आणि परत तेच. मलेरियाच तो, शेंबडं पोरही सांगेल. पण प्रत्येकजण घरून निघताना विशाखाची गोळी खाऊन आलेला. दोन गोळ्यांनी हा आजार जात नाही, नुसता दडून बसतो, आणि रक्तातले जंतू मात्र तपासणीत सापडेनासे होतात. रिपोर्ट कोरा आला की डॉक्टर पंचाक्षरी लिहीत, ‘ताप, कारण अस्पष्ट’. मग विशाखाने कोडही साध्या तापाचाच भरायचा. मलेरियाचा कोड तिला तोंडपाठ होता, पण डॉक्टरांनी न लिहिलेला आजार भरायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम.

ती धीर करून पंचाक्षरींकडे गेली. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मलाही तेच वाटतं, पण रक्तात दिसल्याशिवाय मलेरिया लिहू कसा? त्यात त्यांचंही काय चुकलं? तालुक्याला तिने फोन केला, वस्तीवर फवारणीला आणि घरोघर रक्त तपासायला माणसं पाठवा म्हणून. पलीकडच्या माणसाने अदबीने विचारलं, की तुमच्या वस्तीवर मलेरियाचे पेशंट किती? कागदोपत्री एकही नव्हता. ते कागद तिनेच तर भरले होते.

तिला खरा घोर होता ऋतुजाचा. ऋतुजा म्हणजे शेजारच्या गुणाबाईंची सून, पहिलटकरीण, सातवा लागलेला. पोटुशीला मलेरिया झाला तर पोटातल्या लेकराच्या जिवावर बेतू शकतं, हे विशाखाने फायलींमधून पाहिलं होतं. तिने बाबांना सांगितलं, की पौर्णिमेला विहारात सगळे जमतील तेव्हा सांगा, आधी रक्त, मगच गोळी. पंढरी उभे राहिले खरे, पण लेकीचं चुकलं हे चारचौघांत त्यांच्या तोंडातून निघेना. ते एवढंच बोलले, की विशाखा म्हणते, गोळी घेत जा आणि रक्तही तपासून घेत जा. लोकांनी माना डोलावल्या.

हे कळल्यावर तिने गुणाबाईंनाच फोन केला. “काकू, ऋतुजाला ताप आला तर गोळी देऊ नका. तशीच इकडं आणा.”

“हाव,” गुणाबाई म्हणाल्या. “पण अंग तापून राहिलं आन् पोरगी काकुळतीला आली, तर नांदेडला येईस्तोवर नुसतं बघत बसू? आन् गोळी काय परक्याची हाय का? तुझीच हाय की.”

विशाखाने परत परत समजावलं. गुणाबाईंनी परत परत हाव म्हटलं.

ऋतुजाला आणलं तेव्हा उशीर झाला होता. ताप आला की गोळी, उतरला की घरकाम, असं करत तिने दिवस काढले होते. लेकरू वेळेआधी झालं आणि जगलं नाही. ऋतुजाचं रक्त तपासलं, रिपोर्ट कोरा. फाईल विशाखाच्या टेबलावर आली, त्यात ओळखीची तीच ओळ होती. तिने कोड भरला. दुसरं काय करणार होती? मलेरियाचा भरला असता तरी कोड तपासणाऱ्यांनी तो डॉक्टरांच्या कागदाशी ताडून परत पाठवला असता. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि शेजारच्या टेबलावर दोघीजणी डबा सोडत होत्या.

दुपारी गुणाबाई दारात आल्या. विशाखाला वाटलं, आता या तोंडात मारतील, आणि मारावंच. पण त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“तू जिवाला लावून घेऊ नको, माय. आम्ही कुचराई न्हाई केली. ताप भरला तशी तुझी गोळी दिली, एकबी डाव चुकवलं न्हाई. उरलेली पट्टी आज सकाळी वस्तीवरून निघताना बजरंगच्या घरी देऊन आले. त्याच्याबी पोरीला कालपासून हुडहुडी भरून राहिली.”

विशाखाने तिथंच उभ्या उभ्या बजरंगला फोन लावला. त्याने तो उचलला आणि तिला काही बोलूच दिलं नाही. म्हणाला, ताई, ताप उतरला, पोरगी आत्ताच झोपली, तुमचे लई उपकार झाले.