टाळूवरचा कोरडा हात

डॉक्टर भास्कररावांच्या नंदुरबारच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ते एका तान्ह्या मुलाच्या उशाशी बसले होते. डोक्यात पाणी साठून मुलाचे डोके फार मोठे झाले होते. “उशिरा आणलं,” एवढेच ते म्हणाले. मूल संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सायकल काढली आणि अशी मुले वेळेत पाठवा, हे सांगायला ते गावोगावच्या सुइणींकडे निघाले. असे डॉक्टर मी तोवर पाहिले नव्हते.

टाळूतून सुई घालून ते पाणी काढणे शहरांतही धाडसाचे मानले जाई. आपल्याकडे तर ‘नशिबाचा भोग, हात लावू नका’ असे सांगणाऱ्या शहाण्यांना तोटाच नव्हता. डॉक्टर मात्र ठाम होते. डोके वाढण्याआधी मूल हाती आले, तर झुंजता येते, असे ते म्हणत.

रनाळ्याच्या जमनाबाईंची लेक अशी वेळेत आली. तिची टाळू घट्ट फुगली होती. डॉक्टरांनी सुई उकळून थोडेथोडे पाणी काढले. सकाळी पाहते तो काय, जमनाबाईंच्या सासूने, राधाआजींनी, रिवाजाप्रमाणे तेलाने टाळू भरलेली! सुईची जखम ताजी होती आणि पोरीला ताप चढला होता. मी आजींवर कडाडले. डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमचा राग जरा उकळून घ्या, निर्जंतुक होईल.” मग ते आजींजवळ बसले.

“तेल बगर टाळू कशी भराई, डाक्टर?”

“तेल तळपायांना लावा, आजी. टाळूवर रोज धुतलेला कोरडा हात ठेवायचा. फुगली वाटली की गाडी जुंपायची.”

ताप उतरेपर्यंत डॉक्टर घरी गेले नाहीत. पुढे आजींची बैलगाडी कितीदा तरी आली, डॉक्टरांनी तितक्यांदा पाणी काढले, आणि एकदाचे ते साठायचे थांबले. पोर उशिरा चालली, पण चालली. रनाळ्यात आता प्रत्येक तान्ह्या मुलाच्या टाळूवर असा हात ठेवतात. वेळेत आलेली सगळीच मुले वाचली नाहीत, आणि ते दुःख डॉक्टरांनी कधी लपवले नाही. पण पुढच्या मुलासाठी सुई उकळायला त्यांनी कधी उशीर केला नाही.

डॉक्टरांच्या साठीच्या निमित्ताने परवा राधाआजी त्याच नातीला घेऊन आल्या. नातीच्या हातात तेलाची वाटी होती.

“इतला दिन तुमनं ऐकं, डाक्टर. आज तुमनी टाळू मी भरसू.”

डॉक्टरांनी टोपी काढून मान खाली केली. आजी तेल जिरवत होत्या आणि मला रडू आवरेना. डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचा हात असाच स्थिर राहो. रनाळ्याहून अजून पुष्कळ गाड्या यायच्या आहेत.