आबांच्या डोळ्यांवरची ओढणी

वारणानगरजवळ आमची थोडी जमीन आहे. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, एक गोठा. आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, कॉलनीतली खोली सोडायची वेळ आली, तेव्हा तिथंच घर बांधायचं ठरलं. लेक आर्किटेक्ट असताना नकाशा दुसरं कोण काढणार? मी ते धरूनच चालले होते. पण एक दिवस आमच्या शिवाजी पेठेतल्या ऑफिसात चहा पिता पिता आबा माझ्या भागीदारणीला म्हणाले, "पोरी, तू बी एक काढ की. दोनातला बरा घिऊ."

ही भागीदारीण माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, पुण्याची. कॉलेजातही नमुना म्हणून भिंतीवर नकाशा लागायचा तो तिचाच. तिच्या मुलीच्या बारशाला पाळणा मी सजवला, माझ्या डब्यातली भाजी ती हक्कानं खाते, आणि तिचा हेवा केल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. आता तर माझ्या बापाचं घरही तिला हवं होतं.

माझा नकाशा मी ऑफिसात बसूनच काढला. जिथं लहानाची मोठी झाले ती जागा काय बघायची? घराची पाठ कारखान्याकडे केली, तिकडं एकही खिडकी ठेवली नाही, कारण हंगामात मळीचा वास येतो. त्या वासापायी हॉस्टेलवरच्या मुली माझ्या कपड्यांना नाकं मुरडायच्या. आबांची खोली मागे ठेवली, फाटकापासून लांब, शांत. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

ती मात्र आबांना घेऊन जमिनीवर गेली. मागोमाग मीही गेले, पहारा द्यायला म्हणा. फाटकाची कडी धाडकन आपटून आत शिरले. तिनं तिची कॉलेजातली युक्ती काढली होती: डोळे बांधून जागा फिरायची, आणि गारवा, वास, आवाज जिथं जाणवेल तिथं कागदावर खूण करायची. स्वतःची ओढणी तिनं आबांच्या डोळ्यांवर बांधली. डॉक्टरलाही जवळ फिरकू न देणारे माझे आबा गुमान उभे राहिले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लांब बांधावर जाऊन बसले.

ती त्यांचा हात धरून चालू लागली. जांभळाखाली आबा थांबले. "हितं गार लागतंय." तिनं खूण केली. तेवढ्यात वारा फिरला आणि मळीचा वास आला.

"काका, हा वास नको ना? इकडं भिंत घालू?"

"येडी का काय! पगाराचा वास हाय त्यो. खिडकी ठेव."

माझ्या नकाशाची निम्मी वाट तिथंच लागली. राहवेना, म्हणून चपला बांधावरच काढून मी तिचा कागद बघायला गेले. भुसभुशीत मातीत पाय वाजले नाहीत. आबांना मी जवळ आल्याचं कळलं नाही.

"काका, घरात कुठला आवाज यायलाच पाहिजे?"

मला वाटलं, कारखान्याचा भोंगा म्हणतील, नाहीतर म्हशीचं हंबरणं.

"फाटकाच्या कडीचा," आबा म्हणाले. "माझी लेक येती तवा समदा राग त्या कडीवर काढती. खोलीत पडल्या पडल्या तेवढं ऐकू आलं की झालं. तिला सांगू नगंस, डोस्क्यावर बसंल."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग कागदावर फाटकापाशी खूण केली.

घर तिच्याच नकाशाचं झालं. आबांची खोली फाटकाला लागून आहे. येणारेजाणारे घराचं कौतुक करतात आणि मला विचारतात, "तुम्हीच काढला का हो नकाशा?" मी विषय बदलते. जे ऐकायला मी जन्मभर आसुसले होते, ते आबांनी हिला सांगितलं, हिचा हात धरून. याबद्दल मी हिला अजून माफ केलेलं नाही.

कडी मात्र मी हल्ली, राग नसला तरी, जोरातच आपटते.